कथेतील संवाद: पात्रे एकमेकांशी बोलतात की वाचकाला माहिती पुरवतात?

मुठाकाठ

नवोदितांच्या कथा वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. वर्णनाच्या परिच्छेदांत ज्यांची भाषा सहज आणि नेमकी असते, त्यांचीच पात्रे तोंड उघडताक्षणी तहसील कचेरीतल्या अर्जासारखी बोलू लागतात. पुण्यातल्या आमच्या कथावाचनाच्या गटात यावर अनेकदा बोलणे झाले आहे. ते इथे सविस्तर मांडावे आणि जाणकारांनी त्यात भर घालावी, यासाठी हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की मराठीत दोन माणसांचे नाते वाक्याच्या आशयाच्या आधी वाक्याच्या रूपातच येऊन बसते. कोण कोणाला 'अरे' म्हणतो, कोण 'अहो' म्हणते, 'तू'चे 'तुम्ही' कधी होते, 'आपण'च्या जागी 'आम्ही' कोणत्या क्षणी येते, यांतून वाचकाला पुष्कळसे आयते कळते. लेखक मात्र हे हातातले साधन बाजूला ठेवून तेच नाते पात्रांकडून शब्दांत वदवून घेतो आणि मग संवाद लांबतो.

एक नमुना मुद्दाम रचला आहे. नारायण पेठेतला जुना वाडा पुनर्विकासाला जायचा आहे. दादा आणि वहिनी वाड्यात राहतात, धाकटी बहीण लग्न होऊन कोथरूडला असते. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी, अशी दादाची इच्छा आहे. पहिल्या खर्ड्यात हा प्रसंग बहुधा असा उतरतो:

"तुला माहीतच आहे की बाबा गेल्यानंतर या वाड्यावर आपल्या दोघांचा सारखाच हक्क आहे. परंतु बिल्डरशी करार करण्यापूर्वी तू हक्कसोडपत्रावर सही करावीस, असे मला वाटते."
"दादा, हे ऐकून मला फार वाईट वाटले. मी तुझी सख्खी बहीण असूनही तू मला परकी मानतोस."

'तुला माहीतच आहे की' या शब्दांनी सुरू होणारे वाक्य जवळजवळ नेहमी वाचकासाठी असते, कारण समोरच्याला जे माहीत आहे ते सांगण्याचे पात्राला काही कारण नसते. दुसऱ्या वाक्याचा दोष अधिक मोठा आहे. ज्या भावनेवर कथा उभी राहायची, तीच बहिणीने एका वाक्यात उच्चारून संपवली. आता हाच प्रसंग असा लिहून पाहू:

"बस ना. उभी का?"
"बसते. जिना फार हलतोय रे दादा."
"आता कशाला दुरुस्त करायचा? पाडायचाच आहे."
"कधी?"
वहिनी चहा घेऊन आली. "आम्ही म्हटलं, दिवाळी होऊन जाऊ दे."
"मग आपल्याला किती खोल्या मिळणार?"
"आम्हाला दोन बेडरूमचं मिळतंय." वहिनीने कप तिच्यापुढे ठेवला. "साखर बघा हं वन्सं, बरोबर आहे का ते."
"वकिलांनी एक कागद दिलाय," दादा म्हणाला. "तू चष्मा आणलायस ना?"

यात हक्क, परकेपणा किंवा दुःख हे शब्द कुठेही आलेले नाहीत. बहीण 'आपल्याला' म्हणते, वहिनी 'आम्हाला' म्हणते आणि भांडण तिथेच झालेले असते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, हे वाचकाला ठाऊक असो वा नसो, त्या कागदावर काय लिहिले असेल याचा अंदाज त्याला चष्म्याच्या प्रश्नावरून येतो.

आपले अनुभव आणि मतभेद, दोन्हींचे स्वागत आहे.

एकांकिकावाली

नमुना आवडला, मात्र रंगमंचावरून कथेकडे वळलेल्या लेखकांसाठी एक इशारा द्यावासा वाटतो. पुण्यात महाविद्यालयीन वयात पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमी केलेल्या आणि भरत नाट्य मंदिरात प्रयोग केलेल्या मंडळींची संवादाची जाण चांगली असते, यात शंका नाही. पण रंगमंचावर 'कधी?' हा एक शब्द अभिनेत्री पाच प्रकारे उच्चारू शकते. ती मान खाली घालते, थांबते, हसून विचारते, आणि प्रेक्षकाला अर्थ मिळतो. कागदावर तो 'कधी?' एकटाच उभा असतो. त्याला कुणीतरी आवाज द्यावा लागतो आणि तो देण्याचा सोपा, पण फसवा मार्ग म्हणजे 'तिने दुखावल्या स्वरात विचारले' असे लिहिणे.

वरच्या नमुन्यात हे काम 'वहिनी चहा घेऊन आली' या वाक्याने केले आहे. प्रश्न दादाला विचारला गेला आणि उत्तर वहिनीने दिले, म्हणजे दादा गप्प राहिला. 'दादा क्षणभर गप्प राहिला' असे लिहिले असते तर वाचकाने ते ओलांडून पुढे पाहिले असते. कथेत मौन लिहायचे असेल तर त्या जागी दुसरे काही घडू द्यावे किंवा दुसऱ्या कुणाला बोलू द्यावे. तीन टिंबे टाकून मौन येत नाही.

अजून एक गोष्ट तालमीतली. संवाद मोठ्याने वाचावा, हा सल्ला सगळेच देतात, पण लेखकाने स्वतः वाचून फारसा उपयोग होत नाही, कारण कुठे जोर द्यायचा हे त्याला आधीच माहीत असते. कथा न वाचलेल्या दोघांच्या हाती पाने द्यावीत आणि आपण फक्त ऐकावे. जिथे वाचणारा अडखळून वाक्य पुन्हा घेतो, तिथे बहुतेक वेळा क्रियापद फार लांब गेलेले असते.

मुद्रितशोधक

माझा मुद्दा लेखनपद्धतीचा आहे आणि तो क्षुल्लक समजू नये, अशी विनंती आहे. संवादाचा परिणाम बिघडण्याचे एक कारण असे की निवेदन आणि बोलणे यांची रूपे एकमेकांत मिसळतात. १९६२ पासून आपण जे शुद्धलेखनाचे नियम वापरतो, त्यांतच पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा आहे. निवेदनात 'असे केले', 'घर विकले' आणि संवादात 'असं केलं', 'घर विकलं' ही विभागणी त्यामुळे नियमाला धरूनच आहे. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या कथांत मात्र एकाच पात्राच्या एकाच वाक्यात 'मी त्याला सांगितले होतं' असे लिहिलेले दिसते. वाचकाला चूक कुठे आहे ते सांगता येत नाही, पण ते माणूस खोटे वाटते.

अर्थात एखादे पात्र घरीही 'मी तसे म्हटले नव्हते' असेच बोलत असेल, तर ते मुद्दाम आणि शेवटपर्यंत तसेच ठेवावे. पुण्यात अशी माणसे आहेत आणि निवृत्त शिक्षकाच्या तोंडी हे फार शोभून दिसते.

विरामचिन्हांविषयीही थोडे सांगतो. मराठीत ती रुळवण्याचे श्रेय मेजर कँडी या इंग्रज कोशकाराला दिले जाते, म्हणजे ही सगळी व्यवस्था एकोणिसाव्या शतकातली आहे. त्याआधीच्या गद्यात बोलणे कुठे सुरू झाले आणि कुठे संपले, हे 'बोलिले की' आणि 'ऐसे म्हणोन' यांसारख्या शब्दांवरून ओळखावे लागे. आज अवतरणचिन्हे हाताशी असताना एकाच ओळीत दोघांचे बोलणे कोंबण्याचे कारण नाही. बोलणारा बदलला की परिच्छेद बदलावा. उद्गारचिन्हाबाबत माझे मत कडक आहे: ज्या वाक्याला ते लावल्यावाचून जोर येत नाही, ते वाक्यच पुन्हा लिहावे.

पंचगंगा

गेली बरीच वर्षे पुण्यात राहत असले तरी मूळची कोल्हापूरची आहे, त्यामुळे या चर्चेत बोलीचा विषय अजून आला नाही याचे थोडे आश्चर्य वाटते. पुण्यात लिहिल्या जाणाऱ्या पुष्कळ कथांत नायक, नायिका आणि त्यांचे आईवडील प्रमाण मराठी बोलतात. बोली येते ती रिक्षावाला, धुणेभांडी करणाऱ्या मावशी किंवा सोसायटीचा रखवालदार यांच्या तोंडी, आणि तीही बहुधा हसू यावे म्हणून. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलत असे आणि स्त्रिया व सेवक प्राकृत बोलत. ती वाटणी आपण अजून चालवतोच आहोत, असे मला वाटते.

दुसरी अडचण अशी की बोली म्हणजे 'ण'चा 'न' करणे आणि चार ठिकाणी 'लई' पेरणे, असा समज आहे. आमच्याकडे बायकाही 'मी आलो', 'मी जातो' असे म्हणतात. पुण्यात नोकरीला लागलेली मुलगी ऑफिसात 'मी आले' म्हणते आणि आईचा फोन आला की 'व्हय, जेवलो की' म्हणते. हा बदल ज्या लेखकाने टिपला, त्याला त्या मुलीच्या दोन जगांविषयी वेगळा परिच्छेद लिहावा लागणार नाही. नागपूरकडच्या पात्राचे 'काय करून राहिला?' हेही तसेच, त्यातले 'राहिला' कुठल्याही वेड्यावाकड्या शुद्धलेखनाविना माणसाला त्याच्या गावी नेऊन पोचवते. बोलीची ओळख वाक्याच्या घडणीतून द्यावी. अक्षरे मोडून दिलेली बोली वाचकाला पहिल्या पानावर गंमत वाटते आणि तिसऱ्या पानावर तिचा कंटाळा येतो.

मुठाकाठ

पंचगंगा, आपला मुद्दा पूर्ण मान्य आहे. त्याला एक पुरवणी जोडतो. प्रमाण बोलणाऱ्या पात्रांचीही बोली असते, ती आपल्याला ऐकू येत नाही इतकेच. पेठेत वाढलेल्या माणसाचे 'आपण नाही बुवा त्या भानगडीत पडत' हे वाक्य प्रमाण मराठी नव्हे. तिथे 'आपण' म्हणजे 'मी', आणि त्या एका शब्दाने तो माणूस स्वतःला अंगाला तेल लावून बाजूला काढतो.

हिंजवडी फेज तीन

धाग्यातील सगळी उदाहरणे वाडा, वहिनी आणि चहा यांचीच आहेत. आमच्या पिढीची पात्रे निम्मे इंग्रजी बोलतात, त्यांचे काय करावे? 'मी कॉलवर आहे, तू ऑर्डर करून टाक' हे वाक्य मी रोज ऐकतो. त्याऐवजी 'मी दूरध्वनीवर संभाषण करत आहे' असे लिहिणे हास्यास्पद होईल, पण पानभर 'कॉल', 'मीटिंग', 'अप्रेजल' असे शब्द आले की संपादक कथा परत पाठवतात.

एकांकिकावाली

'कॉल' लिहिण्यात काहीच गैर नाही. तो आता मराठीच शब्द आहे. खरी अडचण उलट दिशेची आहे, जिथे शब्द सगळे मराठी असतात आणि वाक्य परके असते. परदेशी मालिकांच्या मराठी उपशीर्षकांतून आलेली 'तू ठीक आहेस ना?', 'मला माफ कर', 'मी तुझ्यासाठी इथे आहे' ही वाक्ये आता कथांतून सर्रास दिसतात. घरात पडलेल्या माणसाला आपण 'लागलं का रे?' विचारतो. बहिणीने पाण्याचा तांब्या दिला तर कुणी 'धन्यवाद' म्हणत नाही. माफी तर आपल्याकडे शब्दाने क्वचितच मागितली जाते. रात्री भांडलेला नवरा सकाळी 'भाजी काय आणू?' असे विचारतो आणि बायकोने 'आणा काहीही' म्हटले की ती माफी मिळाली की नाही, हे ज्याचे त्याने ओळखायचे असते. हे ओळखण्याचे काम वाचकाला आवडते. ते त्याच्याकडून काढून घेऊ नये.

जुना भाडेकरू

मला या संपूर्ण चर्चेतील एका गृहीतकावर आक्षेप आहे. माणसे माहिती सांगत नाहीत, समोरच्याला ठाऊक असलेले पुन्हा बोलत नाहीत, हे मुळात खरे नाही. शनिवार किंवा नारायण पेठेतल्या कोणत्याही जुन्या रहिवाशापुढे १२ जुलै १९६१ चा विषय काढून पाहावा. पानशेतचे धरण फुटले तेव्हा पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले, कोण कोणाच्या माडीवर गेले, कोणते कपाट वाहून गेले, हे सगळे तो घरच्यांना शेकडो वेळा सांगून झालेले असते आणि तरीही तो पुन्हा, त्याच क्रमाने सांगतो. मग कथेतल्या आजोबांनी ते सांगितले तर तो दोष का मानावा? तुटक, चार शब्दांचे संवाद हीच आता एक टूम झाली आहे. लांब बोलणारी माणसे कथेतून हद्दपार व्हावीत, असे मला वाटत नाही.

दुसरे असे की याच पुण्यात महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ संवादाच्या रूपात लिहिला. एक विचारतो आणि दुसरा विस्ताराने सांगतो. त्या संवादाचे बळ माहितीतच आहे.

मुठाकाठ

आक्षेप महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

'गुलामगिरी'तील प्रश्नोत्तरांचा हेतू वाचकाला पटवून देण्याचा आहे. विचारणाऱ्याच्या शंका या वाचकाच्याच शंका आहेत आणि ग्रंथ ते लपवत नाही. कथेतल्या पात्राकडून हेच काम चोरून करवून घेतले जाते, तेव्हा ते खटकते. रूप एकच असले तरी करार निराळा आहे.

पानशेतच्या पुराविषयी मात्र आपण जे म्हणता ते मला अगदी पटते आणि त्यामुळे माझे मूळ विधान सुधारून घ्यावे लागेल. लांब बोलणे वाईट नसते. ऐकणाराच नसलेले लांब बोलणे वाईट असते. आजोबा पुराची गोष्ट सांगत असताना सून कुकरच्या शिट्ट्या मोजत असेल, नातू मोबाइलमधून डोके वर न काढता 'आणि मग कपाट वाहून गेलं' हे वाक्य त्यांच्याआधी बोलून टाकत असेल आणि आजोबा त्या दिवशी नेमके कपाटाऐवजी शेजारच्या मुलीचे नाव घेत असतील, तर त्या दोन पानांतील एकही ओळ कमी करू नये. माहिती तीच राहिली, पण आता ती सांगण्यामागे आजोबांचे काही काम आहे आणि घरातल्यांच्या न ऐकण्यालाही अर्थ आला आहे. माझी कसोटी तेवढीच आहे: हे वाक्य या माणसाने, या माणसापुढे, आत्ताच का उच्चारले? उत्तर सापडले तर वाक्य चार शब्दांचे असो की चाळीस.

जुना भाडेकरू

हे मान्य. शेजारच्या मुलीचे नाव मात्र दुसऱ्यांदा घेऊ देऊ नये.

नवी वही

मी नुकतीच लिहायला लागले आहे. माझा प्रश्न साधा आहे. प्रत्येक संवादापुढे 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' लिहिले की कंटाळवाणे होते, आणि नाही लिहिले तर वाचक गोंधळतात. म्हणून मी 'उद्गारली', 'उत्तरला', 'पुटपुटली', 'खेकसला' असे बदल करून पाहते. ही पद्धत योग्य आहे का?

मुद्रितशोधक

'म्हणाला' हा शब्द वाचकाच्या डोळ्यांना दिसतच नाही, तो दिसत नाही हाच त्याचा गुण आहे. 'उद्गारली' दिसते, आणि मग वाचकाचे लक्ष बोलण्यावरून लेखकाकडे जाते. 'पुटपुटली' हे क्रियापद खरोखर दुसऱ्याला ऐकू न येणाऱ्या बोलण्यासाठी राखून ठेवावे. शब्द पालटण्यापेक्षा तो कुठे वगळता येतो, हे पाहावे, आणि त्या कामी आपली भाषा फार मदत करते. मराठीत बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदातच कळते. एक पुरुष आणि एक स्त्री बोलत असतील तर 'मी निघतो' आणि 'मी निघते' यांपुढे कुणाचेही नाव लागत नाही. नवऱ्याला 'अहो' आणि बायकोला 'अगं' ही संबोधनेही तेच काम करतात.

ही सोय सगळीकडे मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. 'मी चहा केला' यातून करणारा पुरुष की स्त्री ते कळत नाही, 'मी उद्या येईन' यातूनही कळत नाही, आणि समोरच्याला 'तुम्ही आलात' म्हटले की त्याचेही लिंग झाकले जाते. भूतकाळातले सकर्मक वाक्य किंवा भविष्यकाळ सलग तीनचार ओळी आला की वाचक हमखास चुकतो. तिथे 'म्हणाली' लिहावे किंवा पात्राच्या हाताला काही काम द्यावे. दोन बहिणींच्या किंवा दोन मित्रांच्या संवादात क्रियापदाची मदत मुळीच नसते. तिथे एकीने दुसरीला 'ताई' म्हणणे पुरेसे ठरते, पण प्रत्येक वाक्यात 'ताई' घालू नये, कारण समोरासमोर बसलेली माणसे एकमेकांना इतक्यांदा हाक मारत नाहीत.

पंचगंगा

आणि ती मुलगी कोल्हापूरची असेल तर 'मी निघतो' यावर विसंबू नये.

नवी वही

माझ्या कथेत दोन मैत्रिणी स्वारगेटहून बसने निघतात आणि वाटेत बोलतात. दोघींचे वय सारखे आहे आणि दोघीही पुण्याच्याच आहेत, म्हणजे ताई, अहो किंवा बोली यांपैकी काहीच हाताशी नाही. मग त्यांना वेगळे कसे करावे?

एकांकिकावाली

त्यांना वेगवेगळी गोष्ट हवी असू द्या. एकीला खिडकी उघडी हवी आहे आणि दुसरीला तिच्याकडून उसने दिलेले पैसे परत हवे आहेत, असे समजा. पहिली पावसाविषयी, धुळीविषयी, केसांविषयी बोलेल. दुसरी दर दोन वाक्यांनी पगार, हप्ता, महिनाअखेर यांपाशी येऊन थांबेल आणि पैशांचा थेट उल्लेख तिकिटाचे सुटे देईपर्यंत करणार नाही. मग तुम्ही दोघींची नावे पहिल्या दोन ओळींनंतर गाळलीत, तरी वाचक चुकणार नाही. त्या प्रसंगाचा खर्डा झाला की इथेच टाका. नावे झाकून वाचून पाहू आणि जिथे आम्ही अडखळू ती ओळ सांगू.